वाइनच्या द्राक्षांच्या प्रमुख जाती आणि त्यांचे गुणधर्म: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक, दिंडोरी, निफाड, नारायणगाव या पट्ट्यात द्राक्षबाग कुणालाच नवी नाही. तरीही वाइनच्या बागेतून फिरताना आणि बाटलीवरची फ्रेंच-इटालियन नावे वाचताना मुरलेल्या बागायतदारालाही काही प्रश्न पडतातच. त्यांतील नेहमीचे प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे देताना सुगंधांच्या लांबलचक याद्यांपेक्षा साल, आंबटपणा आणि पिकण्याची वेळ या तीन गोष्टींवर अधिक भर दिला आहे, कारण वाइनचा बराचसा स्वभाव त्यांवरूनच ठरतो.

खाण्याची द्राक्षे आणि वाइनची द्राक्षे यांत नेमका फरक कोणता?

दोन्ही प्रामुख्याने व्हिटिस व्हिनिफेरा या एकाच प्रजातीची आहेत. फरक आहे तो माणसाने केलेल्या निवडीचा. थॉम्सन सीडलेस, सोनाका, माणिक चमन किंवा शरद सीडलेस या जाती मोठा मणी, पातळ साल, करकरीत गर आणि बी नसणे या गुणांसाठी जपल्या गेल्या. त्यांच्या बागेत घड जिबरेलिक आम्लात बुडवून मण्यांची फुगवण केली जाते आणि विरळणी करून घड मोकळा राखला जातो. वाइनच्या बागेत हवे असते ते नेमके याच्या उलट. कॅबर्ने सॉव्हिन्योंचा पिकलेला मणी भरतो साधारण एक ग्रॅम, तर निर्यातीच्या प्रतीचा थॉम्सन त्याच्या तिप्पट-चौपट. मणी जितका लहान, तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक. आणि रंग, तुरटपणा व सुगंधाचा मोठा वाटा सालीतच असल्यामुळे वाइन करणाऱ्याला लहान मणीच हवा असतो.

वाइनची द्राक्षे आंबट असतात, हा समज मात्र चुकीचा आहे. खाण्याची द्राक्षे साधारण १७ ते १९ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातील साखरेचे माप) उतरवली जातात, तर वाइनची बहुधा २२ ते २४ ब्रिक्सला. एका लिटर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क तयार होतो, हे लक्षात घेतले की इतकी साखर का लागते ते कळते. वाइनच्या द्राक्षाचे वैशिष्ट्य असे की एवढी साखर भरूनही त्यात पुरेसे आम्ल टिकून राहते. थॉम्सनची वाइन होत नाही असे नाही, अमेरिकेत स्वस्त वाइनसाठी ती वर्षानुवर्षे वापरली गेली. पण ती वाइन बेचव असते आणि तिच्यापासून त्याहून अधिक अपेक्षा करू नये.

जातीचे वैशिष्ट्य पाहायचे म्हणजे नेमके काय पाहायचे?

जगात १,३०० हून अधिक जाती व्यापारी प्रमाणावर वाइनसाठी वापरल्या जातात, तेव्हा प्रत्येकीची स्वतंत्र यादी पाठ करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा कोणत्याही जातीला चार प्रश्न विचारावेत: साल जाड आहे की पातळ, पिकताना आम्ल टिकते की झपाट्याने उतरते, घड लवकर तयार होतो की उशिरा, आणि तिच्यात स्वतःचे असे काही सुगंधी द्रव्य आहे का.

काढणीच्या तोंडावर वाइनरीचा माणूस बागेत येतो तेव्हा तो हेच तपासत असतो. तो एकाच वेलीवरून मणी घेत नाही. उन्हाच्या बाजूचा, सावलीचा, घडाच्या खांद्यावरचा आणि टोकाचा असे मणी वेचत तो ओळीतून पुढे सरकतो. मणी तोंडात घेऊन आधी गर जिभेवर दाबतो, म्हणजे गोडी आणि आंबटपणा यांचा अंदाज येतो. मग नुसती साल दाढेखाली धरून बराच वेळ चावतो. ती कच्ची असेल तर तोंड गवताळ आणि खरखरीत होते, पिकलेली असेल तर तुरटपणा मऊ लागतो आणि थुंकीला रंग येतो. शेवटी बिया तळहातावर काढून पाहतो. हिरवी, चिकट बी म्हणजे थांबायचे; तपकिरी, दाताखाली कडकन फुटणारी आणि भाजल्यासारखी लागणारी बी म्हणजे काढणी जवळ आली. रिफ्रॅक्टोमीटर साखर सांगतो, पण यातले बाकीचे काहीच सांगत नाही, आणि उष्ण प्रदेशात तर साखर पुढे पळते व साल-बिया मागे राहतात, म्हणून केवळ ब्रिक्सवर काढणी ठरवणे धोक्याचे असते.

काळ्या द्राक्षांपासून पांढरी वाइन होते का?

होते. अगदी थोड्या जातींचा अपवाद सोडला तर काळ्या द्राक्षाचा गर आणि रस रंगहीनच असतो. रंग सालीत असतो. काळी द्राक्षे हलकेच दाबून रस लगेच सालीपासून वेगळा केला तर वाइन पांढरी होते, काही तास सालीसोबत ठेवला तर गुलाबी आणि अनेक दिवस सालीसह आंबवला तर लाल. शॅम्पेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या तीन मुख्य जातींपैकी पिनो न्वार आणि मनिए या दोन काळ्याच आहेत. आलिकांत बुशे ही गरही लाल असलेली जात. तिचा उपयोग पूर्वी प्रामुख्याने फिकट वाइनला रंग देण्यासाठी होत असे.

कॅबर्ने सॉव्हिन्यों जगभर इतकी का लावली जाते?

आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाइन संघटनेच्या २०१५ च्या आकडेवारीनुसार तिच्याखाली सुमारे ३,४१,००० हेक्टर क्षेत्र होते. वाइनच्या कोणत्याही जातीत हे सर्वाधिक आहे. याचे श्रेय तिच्या चवीइतकेच तिच्या काटकपणालाही दिले पाहिजे. तिचे डोळे उशिरा फुटतात, त्यामुळे थंड देशांत वसंतातल्या हिमतुषारातून ती वाचते. साल जाड आणि घड तुलनेने मोकळा असल्यामुळे कुजीला दाद देत नाही. आणि कोणत्याही मातीत ती आपली ओळख फारशी सोडत नाही. लहान मणी, जाड साल आणि गराच्या मानाने मोठ्या बिया यांमुळे तिच्या वाइनमध्ये टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारे द्रव्य, भरपूर असते, म्हणून ती ओकच्या पिंपात आणि नंतर बाटलीत वर्षानुवर्षे मुरवता येते.

काळ्या करंटसारखा फळाचा वास, देवदाराच्या लाकडाची झाक आणि कच्च्या ढोबळी मिरचीचा हिरवट वास या तिच्या ठळक खुणा होत. मिरचीचा वास मेथॉक्सिपायराझिन या द्रव्यामुळे येतो. मणी पिकत जातो आणि घडावर ऊन पडते तसे ते कमी होते. म्हणून घडाभोवतीची पाने थोडी काढून उजेड आत सोडण्याचे काम या जातीत फार महत्त्वाचे ठरते. पाने किती काढायची हा मात्र तारतम्याचा भाग आहे; फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये जे ऊन हवेहवेसे असते तेच आपल्याकडे फेब्रुवारीच्या अखेरीस मणी करपवते.

तिचा वंश बराच काळ गूढ होता. १९९७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील जॉन बॉवर्स आणि कॅरोल मेरेडिथ यांनी डीएनए चाचणीने दाखवून दिले की ही जात काळ्या कॅबर्ने फ्रां आणि पांढऱ्या सॉव्हिन्यों ब्लां यांच्या नैसर्गिक संकरातून झाली आहे. तिचा हिरवट वास दोन्ही पालकांत आढळतो, हे कळल्यावर तर आश्चर्य उरतच नाही.

मर्लो ही कॅबर्नेची सौम्य आवृत्ती मानावी का?

नाते जवळचे आहे, कारण मर्लोचाही एक पालक कॅबर्ने फ्रां हाच आहे. पण ती स्वतंत्र जात आहे. तिचा मणी मोठा, साल पातळ, टॅनिन कमी आणि पिकण्याची वेळ कॅबर्नेपेक्षा एक ते दोन आठवडे आधीची. त्यामुळे वाइन मऊ आणि मांसल लागते, चवीत आलुबुखाराची छटा येते. बोर्दोमध्ये या दोघी एकत्र नांदतात त्यामागे चवीबरोबर शेतकऱ्याचा हिशेबही आहे: पाऊस लवकर आला तर कॅबर्ने अडकते पण मर्लो तोवर घरात आलेली असते, आणि वसंतात हिमतुषार पडला तर लवकर फुटणाऱ्या मर्लोचे नुकसान होते पण कॅबर्ने वाचते. बोर्दोतल्याच पोमेरोलच्या चिकणमातीत मात्र मर्लोच मुख्य असते आणि तिथल्या वाइनला सौम्य म्हणण्याचे धाडस कुणी करणार नाही.

एक गंमत जाता जाता सांगण्यासारखी आहे. चिलीमध्ये मर्लो म्हणून विकली जाणारी बरीच द्राक्षे प्रत्यक्षात कार्मेनेर या जवळपास विस्मृतीत गेलेल्या बोर्दोच्या जातीची होती. फ्रेंच तज्ज्ञ जाँ-मिशेल बुर्सिको यांनी १९९४ मध्ये बागेत वेली पाहून ते ओळखले.

सिरा आणि शिराझ या दोन वेगळ्या जाती आहेत का?

नाहीत. फ्रान्समध्ये तिला सिरा म्हणतात, ऑस्ट्रेलियात शिराझ, आणि भारतात बहुतेक बाटल्यांवर ऑस्ट्रेलियाचे नाव दिसते. इराणमधल्या शिराझ शहरातून ती आली ही दंतकथा लोकप्रिय आहे, पण डीएनए चाचणीत तिचे दोन्ही पालक, द्युरेझा आणि माँदेझ ब्लांश, आग्नेय फ्रान्सचेच निघाले. १८३२ मध्ये जेम्स बस्बी यांनी युरोपातून ऑस्ट्रेलियात नेलेल्या काड्यांत तीही होती.

नावामागे अनेकदा शैलीचा फरक दडलेला असतो. ऱ्होन नदीच्या वरच्या अंगाला, एर्मिताज आणि कोत-रोती येथे, तिची वाइन मोजकी, मसालेदार आणि मांसाच्या धुरासारख्या वासाची होते. ऑस्ट्रेलियातल्या बारोसाच्या उन्हात तीच गडद, जाड आणि जांभळ-करवंदाच्या जातकुळीची होते. तिच्यातील काळ्या मिरीचा वास काल्पनिक नाही. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ मध्ये त्यामागचे रोटुंडोन हे द्रव्य शोधून काढले आणि तेच खऱ्या मिरीतही असते. अभ्यासात भाग घेतलेल्यांपैकी साधारण पाचांतल्या एकाला हा वास मुळीच येत नव्हता, तेव्हा शेजारच्याला मिरी जाणवली आणि आपल्याला नाही, तर स्वतःच्या नाकाला दोष देऊ नये. थंड जागी रोटुंडोन जास्त तयार होते, उष्ण जागी कमी.

महाराष्ट्रात लाल जातींमध्ये शिराझ विशेष रुळली आहे. उन्हाला ती कॅबर्नेपेक्षा चांगले तोंड देते. तिचा एक दोष म्हणजे पिकण्याच्या अखेरीस मणी लवकर सुरकुततात. त्या वेळी साखरेचा आकडा चढतो तो काही अंशी नुसते पाणी उडाल्यामुळे, त्याला पक्वता समजू नये.

पिनो न्वारला अवघड जात का म्हणतात?

कारण तिच्यात चूक झाकणारे काही नाही. साल पातळ, रंग कमी, घड इतका दाटीवाटीचा की मधला एखादा मणी फुटला तर कूज पूर्ण घडात पसरते. डोळे लवकर फुटतात, फळही लवकर पिकते. उष्ण ठिकाणी ते इतके झटपट पिकते की सुगंध तयार होण्याआधीच साखर पूर्ण होते. फ्रान्समधल्या बरगंडीत, जिथे हंगाम लांब आणि थंड असतो, ती चेरी, ओली माती, वाळलेली पाने असा एक नाजूक पट उलगडते आणि दोन शेजारच्या तुकड्यांतली वाइनही निराळी लागते. पिनो ग्री आणि पिनो ब्लां या वेगळ्या वंशाच्या जाती नसून तिचेच रंगबदल आहेत. आपल्याकडे तिची लाल वाइन करण्याचा हट्ट सहसा फळत नाही. लवकर खुडून फेसाळ वाइनमध्ये घालणे हा तिचा शहाणा उपयोग आहे.

शार्दोनेच्या वाइनला लोण्याचा वास येतो, तो द्राक्षातूनच येतो का?

द्राक्षातून येत नाही, तळघरातून येतो. शार्दोने ही स्वतःचा फारसा सुगंध नसलेली जात आहे, आणि तिचे यशही त्यातच आहे: माती, हवामान आणि वाइन करणाऱ्याचा हात तिच्यात स्पष्ट उमटतो. मुख्य किण्वनानंतर, म्हणजे रस आंबवून झाल्यावर, जिवाणूंकरवी टोकदार मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर होऊ दिले, तर त्या ओघात डायअसिटिल तयार होते आणि त्याला लोण्याचा वास असतो. व्हॅनिला आणि भाजल्याचा वास ओकच्या पिंपाचा. बरगंडीतल्या चाब्ली येथील अनेक उत्पादक ओक टाळतात, तेव्हा तीच शार्दोने हिरव्या सफरचंदासारखी, धारदार आणि खडूच्या चुऱ्यासारखी कोरडी लागते. ‘मला शार्दोने आवडत नाही’ असे म्हणणाऱ्याला बहुधा ओक आवडत नसतो.

तिचे पालक पिनो आणि ग्वे ब्लां. यातली दुसरी जात मध्ययुगात हलकी, गरिबांच्या शेतातली मानली जाई. तिच्याच पोटी अलिगोते आणि गामेसुद्धा आल्या, हा वंशशास्त्राने उगवलेला सूडच म्हणायचा.

सॉव्हिन्यों ब्लांचा वास इतका तीव्र का असतो?

तिच्यात दोन वेगवेगळ्या कुळांची द्रव्ये एकत्र येतात. गवत, ढोबळी मिरची यांचा हिरवा वास पायराझिनचा, आणि पॅशनफ्रूट, पेरू, ग्रेपफ्रूट यांचा वास गंधकयुक्त थायॉलचा. थायॉल मण्यात बंदिस्त रूपात असतात आणि किण्वन करणारे यीस्ट त्यांना मोकळे करते, म्हणून बागेत मणी चाखताना पेरू लागत नाही, पण पेल्यात भरभरून येतो. न्यूझीलंडच्या मार्लबरोने हा वास जगभर पोहोचवला. फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातल्या सांसेरमध्ये तीच जात अधिक संयत आणि दगडी वाटते.

नाशिकमध्ये ही जात चालते, पण वेळेचे बंधन कडक आहे. दोन दिवस उशीर झाला तर हिरवा ताजेपणा जातो आणि उरते ती फक्त गोडसर, ढिली वाइन.

शेनिन ब्लां नाशिकच्या हवेला का मानवली?

या प्रश्नाचे उत्तर आम्लात आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक बऱ्यापैकी टिकून राहते, पण मॅलिक आम्ल वेल स्वतःच श्वसनात वापरते आणि उष्णता वाढेल तसा हा वापर वाढतो. जगातल्या बहुतेक नामांकित वाइनबागा ३० ते ५० अक्षांशांच्या दरम्यान आहेत. तिथे उन्हाळ्यात फळ धरते आणि हवा थंड होत जाताना ते पिकते. नाशिक २० अक्षांशाजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. इथे वेल हिवाळ्यात खऱ्या अर्थाने झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फळछाटणी अशा दोन छाटण्या करून एकच पीक घ्यावे लागते. फळ पिकते जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे युरोपच्या नेमके उलट: पक्वतेच्या अखेरच्या आठवड्यांत हवा थंड न होता तापत जाते आणि आम्ल घसरत जाते.

अशा ठिकाणी जी जात मुळातच भरपूर आम्ल घेऊन येते तिला आघाडी मिळते, आणि शेनिन तशी आहे. शिवाय ती उत्पन्नाला चांगली, त्यामुळे शेतकऱ्यालाही परवडते. जानेवारीच्या थंड रात्रींत खुडलेल्या शेनिनपासून कोरडी, अर्धगोड, फेसाळ आणि उशिरा काढणीची गोड अशा सर्व प्रकारच्या वाइन होतात; एका बागेतून टप्प्याटप्प्याने काढणी करून हे सगळे साधता येते. तिचे माहेर असलेल्या लुआर खोऱ्यातही, विशेषतः वुव्रे येथे, हाच परिपाठ आहे. दक्षिण आफ्रिकेत ती शतकांपासून स्टीन या नावाने लावली जाते आणि तिथली ती सर्वाधिक क्षेत्र असलेली जात आहे.

दोष सांगायचे तर घड दाट असतो, त्यामुळे अवकाळी पाऊस झाला की घडकूज ठरलेली; भुरीवरही लक्ष ठेवावे लागते. आणि उत्पन्न हवे तितके घेऊ दिले की चव पातळ होते. वेलीवर घड किती ठेवायचे यावर खाण्याच्या द्राक्षांतून वाइनकडे वळलेल्या बागायतदाराचे आणि वाइनरीचे मतभेद होतात ते बहुतेक याच जातीवरून, आणि भाव केवळ वजनावर ठरत असेल तर त्यात बागायतदाराला दोष देता येणार नाही.

रीसलिंगमध्ये पेट्रोलचा वास येणे हा बिघाड आहे का?

नाही. टीडीएन या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे द्रव्य त्याला कारणीभूत असते. मण्यातील कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांपासून ते उद्भवते, घडावर ऊन जास्त पडले तर त्याचे प्रमाण वाढते आणि बाटलीत वर्षे जातील तसे ते उघड होत जाते. जर्मनीतल्या मोझेलच्या पाटीच्या दगडांच्या उतारावर रीसलिंग सावकाश पिकते, आम्ल उंच राहते आणि मद्यार्क कधीकधी ८-९ टक्क्यांवरच थांबतो. गोडी असूनही ती वाइन चिकट लागत नाही. जर्मनीत तिची लेखी नोंद १४३५ पासून सापडते. भारतात तिचे क्षेत्र थोडेच आहे आणि उष्णतेमुळे तिचा खरा स्वभाव इथे क्वचितच दिसतो.

व्हिओनिए आणि मस्कत या सुगंधी जातींत काय वेगळे आहे?

मस्कत ही अशी दुर्मीळ जात, जिची वाइनही द्राक्षासारखीच लागते. लिनालूल, जिरॅनिऑल यांसारखी टर्पीन द्रव्ये तिच्या मण्यात मोकळ्या रूपात असल्यामुळे बागेतच गुलाबाचा आणि संत्र्याच्या फुलांचा वास येतो. व्हिओनिए जर्दाळू आणि मोगऱ्याच्या बाजूला झुकते; आम्ल कमी, मद्यार्क जास्त, वाइन जिभेला किंचित तेलकट. १९६० च्या दशकात ती ऱ्होन खोऱ्यातल्या काँद्रिएच्या आसपास जेमतेम काही हेक्टरांवर उरली होती. कोत-रोतीत काळ्या सिराबरोबर ही पांढरी जात २० टक्क्यांपर्यंत एकत्र आंबवण्याची मुभा आहे, आणि विशेष म्हणजे त्यामुळे रंग फिका न होता अधिक पक्का होऊ शकतो.

झिनफँडेल, सांजोव्हेसे, टेंप्रानियो, माल्बेक यांच्याबद्दल थोडक्यात काय सांगता येईल?

झिनफँडेल कॅलिफोर्नियाची ओळख असली तरी मूळची क्रोएशियाची, आणि इटलीतली प्रिमितिव्हो तीच. २००१ मध्ये दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या बागेतील वेलींशी तिचा डीएनए जुळला. तिचा घड असमान पिकतो: एकाच घडावर हिरवे, पिकलेले आणि मनुका होऊ लागलेले मणी दिसतात. त्यामुळे मद्यार्क चढा राहतो आणि चवीला मुरांब्याची झाक येते. नाशिकमध्ये तिची गुलाबी वाइनही होते.

सांजोव्हेसे इटलीतल्या तोस्कानाची. चढे आम्ल, आंबट चेरी आणि कोरडा तुरटपणा यांमुळे ती टोमॅटोच्या रश्शाबरोबर जमते, आणि तेवढ्यासाठी इटलीला जाण्याची गरज नाही. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात इटालियन भागीदारीतून तिची लागवड झाली आहे. टेंप्रानियो ही स्पेनमधल्या रिओहाची मुख्य जात, लवकर पिकणारी, बेताच्या आम्लाची. माल्बेक फ्रान्समधल्या काओरची, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अर्जेंटिनात गेल्यावर मेंदोसाच्या उंच, कोरड्या पठारावर तिचे नशीब उघडले.

कॅबर्नेची बी पेरली तर कॅबर्नेच येईल का?

येणार नाही. बियांपासून उगवलेले प्रत्येक रोप नवीन संकर असते. शतकानुशतके एकच जात टिकून राहते ती काडीपासून, म्हणजे शाकीय पद्धतीने वाढवल्यामुळे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा या मुळे शोषणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हापासून व्हिनिफेराची काडी अमेरिकी वंशाच्या खुंटावर कलम करण्याची रीत पडली. महाराष्ट्रात खुंट वापरण्याचे मुख्य कारण मात्र ती कीड नसून क्षारयुक्त जमीन आणि पाण्याची टंचाई हे आहे. डॉगरिज आणि ११० आर हे इथले परिचित खुंट. खुंटामुळे जात बदलत नाही, पण वेलीचा जोम बदलतो, आणि डॉगरिजवरची वेल फार माजली तर पानांच्या दाट सावलीत घड मागे पडतात.

फ्रेंच बाटलीवर जातीचे नाव का दिसत नाही?

तिथे परंपरेने गावाचे किंवा प्रदेशाचे नाव लिहितात, आणि तिथे कोणती जात चालते हे नियमानेच ठरलेले असते. चाब्ली म्हणजे शार्दोने, पांढरी सांसेर म्हणजे सॉव्हिन्यों ब्लां, बरगंडीची लाल म्हणजे जवळपास नेहमी पिनो न्वार. इटलीत बारोलो म्हणजे नेब्बिओलो. लेबलावर जातीचे नाव असले तरी बाटलीत शंभर टक्के तीच जात असेल असे नाही. एकाच जातीचे नाव छापायचे तर युरोपीय संघात ती किमान ८५ टक्के आणि अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ७५ टक्के असावी लागते.

जातींमधला फरक स्वतः अनुभवायचा असेल तर सुरुवात कशी करावी?

एकाच उत्पादकाच्या, एकाच वर्षाच्या दोन जाती शेजारी ठेवाव्यात. म्हणजे बाग आणि तळघर यांचा फरक बराचसा बाजूला पडतो आणि जात दिसते. शेनिन ब्लां आणि सॉव्हिन्यों ब्लां ही जोडी यासाठी उत्तम, कारण दोन्ही आपल्याकडे सहज मिळतात आणि वासात एकमेकींपासून दूर आहेत. लाल वाइनमध्ये शिराझ आणि कॅबर्ने घ्याव्यात आणि वासापेक्षा हिरड्यांवर व गालांच्या आतल्या बाजूला जाणवणाऱ्या तुरटपणाकडे लक्ष द्यावे. तापमानाकडे दुर्लक्ष करू नये. पांढरी वाइन ८ ते १० अंश सेल्सिअसला आणि लाल १६ ते १८ अंशांना प्यावी असा दंडक आहे. मे महिन्यात पुण्या-नाशिकच्या घरातले ‘खोलीचे तापमान’ त्याच्या दुपटीच्या घरात जाते, तेव्हा लाल वाइनची बाटलीही आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, नाहीतर मद्यार्काच्या वाफेपलीकडे कोणत्याच जातीचा वास येणार नाही.